दोराचं तोंड

फौजदार दुपार कलल्यावर येणार होता, आणि सकाळपासून घरातला जो तो धाकटीशी फार गोड वागत होता. तिला भीती वाटत होती ती त्या गोडपणाचीच.

थोरल्या जाऊबाईंच्या हातून लग्नानंतर कधी आयता पाण्याचा पेला मिळाला नव्हता. त्यांनी आज तिच्यापुढे चहा आणून ठेवला आणि वर साखर बरोबर आहे का तेही विचारलं. थोरले भाऊजी तिच्या पोरीला पाठीवर घेऊन अंगणात घोडा घोडा खेळत होते. एरवी ती पोर वाटेत आली तर ते तिला मांजरासारखं पायानेच बाजूला सारत. नवऱ्याने तर कमाल केली. तिची तुटकी चप्पल कित्येक दिवस कोपऱ्यात पडून होती, ती न सांगता शिवून आणली आणि दाराशी जोडीने लावून ठेवली. जणू जायची तयारीच. 

दोरखान्याच्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसे. पलीकडे लोखंडवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्या ओट्यावर मयत हमालाचा भाऊ बसला होता. हल्ली तो रोज तिथेच बसायचा. शिवी नाही, आरडाओरडा नाही. सकाळी यायचा, फाटकाकडे तोंड करून बसायचा आणि दिवेलागणीला उठून जायचा. त्याने एखादा दगड मारला असता तर बरं, असं धाकटीला वाटे. गेल्याच पंधरवड्यात याच माणसाने तिच्यासमोर उभं राहून जळत्या दोराचं दुसरं टोक धरलं होतं. आच बोटांशी आल्यावर दोघांनी एकदमच हात सोडले होते, आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "फिटलं." रीत तिथे संपत होती. पण मग फौजदार त्याच्या घरी गेला आणि त्याने विचारलं, तुझा भाऊ ज्या दोराने मेला, तो दोर वळला कोणी? तोवर त्या माणसाला हा प्रश्न सुचलाच नव्हता.

या घराण्यात दोर वळायची विद्या जितकी जुनी, तितकीच दोराचा न्याय करायची रीत जुनी. धक्क्यावर, गोदामात, खाणीत, कुठेही त्यांच्या दोराने माणूस दगावला की तो दोर अंगणात आणून मधोमध ठेवायचा. एका अंगाला मयताची माणसं, दुसऱ्या अंगाला दोरवाले. दोराला तोंड नसतं, म्हणून घरातल्या एकाने त्याचं तोंड व्हायचं. तेही असं माणूस निवडायचं की ज्याचं त्या दोराला बोटसुद्धा लागलेलं नाही, कारण ज्याचा हात लागलाय तो स्वतःची कातडी वाचवायला बघणार. तोंडाने दोराच्या वतीने गुन्हा कबूल करायचा, मयताच्या वारसाने दोराचे तुकडे करायचे, तुकडे जाळायचे, शेवटचा जळता तुकडा वारसाने आणि तोंडाने दोन टोकांना धरायचा, वारसाने 'फिटलं' म्हणायचं आणि विषय बंद. दोर कोणी वळला हे विचारायचं नाही. मयताच्या बापाने विचारलं तरी सांगायचं नाही.

या खेपेला गोदामात पोती वर चढवायच्या यारीचा दोर गेला होता. पोत्यांची अख्खी चळत वरून कोसळली आणि खाली उभा असलेला हमाल जागच्या जागी मेला. तो दोर वळला त्या आठवड्यात धाकटीची पोर तापाने फणफणली होती आणि धाकटी दोरखान्याकडे फिरकलीही नव्हती, म्हणून तोंड तिला व्हावं लागलं. म्हणजे अख्ख्या घरात जिचा काही संबंध नव्हता तिनेच गुन्हा कबूल केला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी आपल्या पायांनी चालत गेला होता. आणि नेमका त्या दिवशी गर्दीत नवा फौजदार उभा होता. शहरात कोर्ट येऊन वर्षही झालं नव्हतं आणि फौजदाराला अजून एकही मोठं प्रकरण मिळालं नव्हतं.

घरातला मोठा प्रश्न नेहमी दोरखान्यात सुटायचा. जागा एवढी लांबलचक की या टोकाला कोणी ओरडलं तर त्या टोकाला कुजबुज पोहोचावी. एका बाजूला पीळ द्यायचं लाकडी चाक, त्याला लोखंडी आकडे, भिंतीशी तागाचे ढीग. सगळे त्या ढिगांवर बसले. चाकाजवळच्या तिवईवर मामंजी बसले. ते आपले आपण, कोणाचाही हात न धरता येत. फक्त अंगणाकडच्या दाराशी एक पायरी होती, तिथे बरोबर असलेल्याने नुसतं खाकरायचं. मामंजींच्या डोळ्यांत सायीसारखं पांढरं उतरलं होतं, पण ही गोष्ट घरात कोणी उच्चारत नसे. खाकरणं मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. धाकटीची पोरसुद्धा तिथे आली की खाकरायची.

नणंद कालच आली होती, आणि तिच्याबरोबर वकील जावई. थोरले भाऊजी त्यांना पाठीमागे कायदेपंडित म्हणत, पण आज त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची उचलून आणली होती.

"वहिनी, तुम्ही नक्की काय म्हणालात?" जावयांनी विचारलं. "जसंच्या तसं सांगा."

धाकटीने अंगणातले शब्द तसेच म्हटले. "माझ्याकडून माणूस गेला. माझं जे करायचं ते करा."

"आणि हे फौजदाराने ऐकलं."

"अहो, पण ती कुठे बोलली?" भाऊजी म्हणाले. "दोर बोलला."

"मग कोर्टात दोराला उभं करा."

"दोर तर जाळला."

जावयांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "म्हणजे पुरावा तुम्ही जाळलात आणि कबुलीही तुम्हीच दिलीत. सरकारने करायचं काय शिल्लक ठेवलंत?"

 धाकटी सांगू शकते की ती दोराच्या वतीने बोलली, असं नणंदेने सुचवलं. जावई म्हणाले, सांगू दे, न्यायाधीश ऐकूनही घेतील, पण त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे. बाई, तुम्ही नाही, तर मग कोण? त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर जिने कबूल केलं तिलाच ते धरून ठेवणार. निष्काळजीपणाने मृत्यू, वर्ष दोन वर्षं सहज.

दोन वर्षांत पोर आपला चेहरा विसरेल, एवढंच धाकटीच्या मनात आलं. तिने तागाची एक बट हातात घेतली आणि उगाच पिळत बसली.

भाऊजींना हे पटेना. मयताच्या घरच्यांनी माफ केलंय, सगळ्यांसमोर फिटलं म्हटलंय, मग तिसऱ्याचं पोट का दुखावं? तेव्हा जावयांनी समजावून सांगितलं. एकदा बोलू लागले की ते घरातलेच एक होऊन जात. ते म्हणाले, अशा रीती जगात सगळीकडे होत्या. आधी नुसता सूड होता, डोळ्याला डोळा. मग जिवाचं मोल ठरलं, बैल द्या, जमीन द्या आणि मिटवा. कुठे वस्तूवर खटला चालवायचे, कुठे जनावरावर. डुकराला रीतसर फासावर दिल्याचीही उदाहरणं आहेत. कुठे आरोपीने शपथ घ्यायची आणि बारा जणांनी त्याच्या शपथेवर शपथ घ्यायची. हे सगळं घराघरांतलं होतं. मग कधीतरी राजा मधे आला आणि म्हणाला, माणूस मेला म्हणजे माझा माणूस मेला.

"त्या दिवसापासून माफ करायचा हक्क घरच्यांकडे उरला नाही," ते म्हणाले. "आता फिर्याद त्या भावाची नाही, सरकारची आहे. त्याने हजारदा फिटलं म्हटलं तरी सरकारचं फिटत नाही."

 मामंजींनी काठी जमिनीवर टेकली आणि सगळे त्यांच्याकडे वळले.

"जावईबापू, तुम्ही शिकलेले. तुमचं खोटं कशाला असेल? पण आमच्या रीतीची कुळकथा ऐका."

ती कथा त्या घरात प्रत्येकाने ऐकली होती, तरी आज धाकटी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होती. फार पूर्वी याच घरचा दोर तुटून एक गवंडी मेला. त्याच्या भावांनी विचारलं, दोर कोणी वळला? कोणीतरी भोळेपणाने सांगितलं, थोरल्याने. रात्री थोरल्याला मारलं. मग याच्या भावांनी विचारलं, आमच्या थोरल्याला कोणी मारलं? त्याचंही नाव कळलं. असं नाव विचारत विचारत दोन्हीकडचे पुरुष संपले, दारं उघडी पडली, चुली थंड झाल्या. शेवटी एका घरची सासू आणि दुसऱ्या घरची सून, दोघी उठल्या. पहिला दोर कोणाच्या तरी माळ्यावर तसाच पडला होता, तो त्यांनी ओढून रस्त्यावर आणला आणि म्हणाल्या, मारणारा हा.

"खोटंच होतं ते," मामंजी म्हणाले. "तेव्हाही सगळ्यांना कळत होतं. पण त्या खोट्याच्या आधारावर आपण सात पिढ्या जिवंत आहोत. 'कोण' हा प्रश्न घरात घेऊ नका. घर ओस पडतं."

"आबा, कोर्ट तरी दुसरं काय करतं?" जावई हळूच म्हणाले. "दोन घरांच्या मधे काहीतरी ठेवायचं, म्हणून ते मधे बसतं. फक्त त्याला वस्तू चालत नाही, माणूस लागतो."

"तेच म्हणतोय मी," मामंजी म्हणाले.

मग जो तो आपापल्या परीने वड्याचं तेल वांग्यावर काढू लागला. भाऊजी म्हणाले, हमालांनी पोती जास्त भरली असं सांगू. जावई म्हणाले, मेलेल्यावर ढकलताय, आणि समोर त्याचा भाऊ बसलाय हे ध्यानात असू द्या. मग भाऊजींना मागच्या महिन्यात काम सोडून परमुलखात गेलेला मजूर आठवला. तो काय सांगायला येतोय? नणंद म्हणाली, दादा, त्याला पण लेकरं आहेत. तिचं मत पडलं की धाकटीला आजच आपल्या घरी न्यावं. यावर जावईच घाईने म्हणाले की वकिलाच्या घरात आरोपी लपवला तर उद्या मी घरी बसेन. नणंदेने नवऱ्याकडे असं पाहिलं की बिचारे पुन्हा चष्मा पुसू लागले.

धाकटी प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. एक गोष्ट तिला स्पष्ट दिसत होती. सगळ्यांना तिला वाचवायचं होतं, पण सांध्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. दोर तुटला नव्हता, सांधा सुटला होता. लांब दोर दोन तुकड्यांतून करायचा झाला की टोकं उकलून एकाचे पदर दुसऱ्याच्या पिळात खोवायचे, त्याला सांधा म्हणतात, आणि या घरात सांधा मामंजींशिवाय कोणी घालत नसे. डोळे गेल्यावरही नाही. डोळे नसले तरी बोटांनी जमलं असतं, पण जन्मभर ताग ओढून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, त्यांना आता पदरातला फरक लागत नव्हता. म्हणून घरात एक पद्धत पडली होती. मामंजींचा सांधा झाला की थोरल्या जाऊबाई म्हणत, "द्या मामंजी, टोकं कापते." मग कोपऱ्यात जाऊन तो सांधा उकलायच्या आणि नव्याने घालायच्या. मामंजी खूश, दोर पक्का, झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशी जाऊबाई माहेरी गेल्या होत्या आणि गोदामाची गाडी ठरल्या वेळेच्या आधी आली. धाकटीने खिडकीतून तो दोर गाडीत चढताना पाहिला होता. मांडीवर पोर तापलेली. ओरडावं असं वाटलं, मग वाटलं, जाऊबाईंनी कालच कापली असतील टोकं. ती ओरडली नाही. दोराचं तोंड म्हणून तिला निवडलं, पण ते तोंड रीतीप्रमाणे कोरं नव्हतंच. हे ती एकटीच जाणत होती आणि त्याचीही तिला भीती होती.

 मग थोरल्या जाऊबाईंनी तोंड उघडलं. त्या धाकटीकडे न बघता तागाच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "दोन वर्षं म्हणजे काही जन्मठेप नाही. ती तरुण आहे. पोरीला मी पोटच्यासारखी सांभाळीन."

"बाई ग," नणंद पुटपुटली.

"मग काय करायचं ते तू सांग. घर तरी राहील."

भाऊजी म्हणाले की बाईमाणूस म्हणून कोर्ट शिक्षा कमीही करेल. जावई म्हणाले, शक्य आहे. नणंदेने मान खाली घातली. एका क्षणात सगळे एका बाजूला झाले. सकाळच्या चहाचा, घोड्याचा आणि चपलेचा अर्थ धाकटीला कळला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्हालाही असंच वाटतं?"

 त्याने जमिनीवरची तागाची काडी उचलली, मोडली, परत जोडून बघितली. "आबांचं वय बघ," एवढंच तो म्हणाला, आणि ते इतकं हळू की मामंजींना ऐकू जाऊ नये.

पण आंधळ्याचे कान तीक्ष्ण असतात.

"माझ्या वयाचा इथे काय संबंध?" मामंजींनी विचारलं. मग ते जावयांकडे वळले. "जावईबापू, फौजदार नक्की काय शोधतोय?"

जावयांनी सासऱ्यांकडे, मग मेहुण्यांकडे पाहिलं. पण शेवटी माणूस वकील होता. "हमाल सांगतायत की दोर तुटला नाही, आबा. सांधा सुटला. तेव्हा तो सांधा कोणी घातला ते."

"मी," मामंजी सहज म्हणाले.

जाऊबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"घरातले सगळे सांधे मीच घालतो. एवढ्यासाठी घाबरून बसलात होय? हमाल खोटं सांगतायत. माझा सांधा आजवर सुटला नाही आणि सुटणार नाही. दोर दुसरीकडून तुटला असेल, घासला असेल. दोन तुकडे द्या इकडे. आत्ता घालून दाखवतो, फौजदारालाही दाखवतो. धाकटे, ये अशी पुढे. तुझ्यावर बालंट आलंय, तर तूच ओढून बघ."

नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. भाऊजींनी दोन तुकडे आणून दिले. मामंजींनी टोकं उकलली, शिंगाचा दाभण हातात घेतला आणि काम सुरू केलं. बघत राहावं असा हात होता. दाभण पिळात शिरायचा, पदर मागोमाग जायचा, अंगठ्याचा दाब, पुढचा पदर. नवख्या माणसाने तोंडात बोट घातलं असतं. धाकटी अगदी जवळ बसली होती. तिने पाहिलं, दोन पदर एकाच पिळाखालून गेले आणि तिसऱ्याला धरायला काही उरलं नाही. मामंजींनी सांधा पायाखाली घेऊन गोल गोल फिरवला, तो वरून गुळगुळीत झाला आणि आतलं सगळं झाकलं गेलं.

"हे घे," ते म्हणाले.

धाकटीने हात पुढे करायच्या आत थोरल्या जाऊबाईंचा हात आला. सवयीनेच आला असावा. "द्या मामंजी, टोकं कापते."

दोर तिघांच्या मधे लोंबत राहिला. जाऊबाई धाकटीकडे बघत होत्या. त्या बघण्यात दुष्टावा नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. त्या नुसत्या विनवत होत्या. दोर त्यांना दिला की त्या कोपऱ्यात जाणार, सांधा पक्का होणार, मामंजी ताठ मानेने आपल्या घराण्याचा बडेजाव सांगणार आणि धाकटी शिवलेल्या चपला घालून फौजदारामागे चालू लागणार. मामंजींनी तिला लेकीसारखं वागवलं होतं. पहिल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली तेव्हा हा माणूस दाराबाहेर बसून होता, उठला नव्हता. हे सगळं तिला आठवलं आणि पोरही आठवली.

"राहू द्या, जाऊबाई," ती म्हणाली. "टोकं नंतर."

तिने एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवलं आणि दुसरं हाताला गुंडाळलं.

"अगं, हळू," नवरा म्हणाला.

तिने पाय रोवले आणि सगळा भार मागे टाकला. आधी नुसती कुरकुर झाली. मग हाताला काहीच ओढ उरली नाही आणि ती तागाच्या ढिगावर उताणी पडली. दोराचं एक टोक तिच्या मुठीत होतं, दुसरं आकड्याला.

"काय झालं?" मामंजींनी विचारलं.

 ते उठले, चाक चाचपत आकड्यापाशी आले. लोंबणारे मोकळे पदर त्यांच्या हाती लागले. एकेक पदर त्यांनी टोकापर्यंत चाचपला, परत वर गेले, परत चाचपला.

"सुटला?"

"हो, मामंजी," धाकटी म्हणाली. तिला रडू आलं होतं आणि ते ती लपवत नव्हती.

"थोरले," ते म्हणाले, "कधीपासून टोकं कापतेस?"

जाऊबाईंनी तोंडावर हात धरला. "तुमचे डोळे गेल्यापासून."

"म्हणजे माझे डोळे गेलेत हे तुम्हाला ठाऊक होतं." त्यांनी मोकळे पदर हातातून सोडले. "मला वाटायचं, माझं मलाच ठाऊक आहे."

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. फौजदार वेळेच्या आधीच आला होता.  मग जे झालं त्याने ती आणखी घाबरली. सगळे मामंजींभोवती गोळा झाले आणि कुजबुजू लागले. आबा, अजून काही बिघडलेलं नाही, भाऊजी म्हणत होते. इथलं इथेच राहू द्या. जावई म्हणत होते, आत्ता एक अक्षर बोलू नका, मला विचार करू द्या. नणंद बापाचा हात धरून रडत होती. जाऊबाई सुटलेला दोर घाईघाईने ढिगाखाली सारत होत्या. धाकटीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिला वाटलं, अजूनही ते मला देऊन टाकतील.

"समोर तो भाऊ बसलाय का अजून?" मामंजींनी विचारलं.

"बसलाय," धाकटी म्हणाली.

"मग फौजदाराच्या आधी त्याच्याकडे जातो. मेलेलं माणूस त्याचं आहे. सरकारचं नंतर बघू."

"आबा, तो काय करेल त्याचा नेम नाही," नवरा म्हणाला.

"नाहीच. 'कोण' ऐकल्यावर माणूस काय करेल त्याचा नेम नसतो. त्याचीच भीती मी तुम्हाला आयुष्यभर घातली." त्यांनी काठी चाचपून घेतली. "मलाही वाटतेय ती. पण या पोरीला पाठवून घर राखायचं असेल तर ते ओस पडलेलं बरं."

त्यांनी सदरा नीट केला. मग ओठ हलवून बघितले, शाळेत जाणारं मूल धडा म्हणून बघतं तसं.

"माझ्याकडून," ते म्हणाले आणि अडखळले. जन्मभर हे वाक्य त्यांनी दुसऱ्यांना पढवलं होतं, स्वतः कधी म्हटलं नव्हतं. त्या घरात ज्याचा सांधा त्याच्याच तोंडून ते कधी ऐकू आलं नव्हतं. "माझ्याकडून माणूस गेला. माझं जे करायचं ते करा. असंच ना गं?"

"असंच, मामंजी."

जाऊबाई दोर सारायच्या थांबल्या. कडी परत वाजली, या खेपेला जोराने. मामंजी काठी टेकत अंगणाच्या दाराकडे निघाले आणि धाकटी त्यांच्या बाजूने अनवाणीच चालू लागली. दार उघडलं तशी तिला फाटकाच्या गजांतून फौजदाराची टोपी दिसली, आणि तिच्या मागे, रस्त्यापलीकडे, ओट्यावरून उठून उभा राहिलेला मयताचा भाऊ.

मागून नवरा सवयीने खाकरला.

"मामंजी," धाकटी म्हणाली, "इथे पायरी आहे."

ते थांबले. मग त्यांनी हात पुढे केला.  तिने तो धरला आणि दोघं मिळून पायरी उतरली.